राखून न ठेवलेला डाव



एखाद्या विद्येत प्रावीण्य मिळवणे आणि ती विद्या दुसऱ्याला शिकवण्याचा अधिकार मिळवणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, आणि त्यांतील अंतर जपानच्या जुन्या युद्धविद्यांनी फार काळजीपूर्वक जपले आहे. १८६८ च्या मेइजी राज्यक्रांतीपूर्वी स्थापन झालेल्या युद्धविद्येच्या घराण्यांना जपानमध्ये ‘कोऱ्यू’ म्हणतात. तलवार, भाला, काठी किंवा निःशस्त्र झुंज शिकवणाऱ्या या घराण्यांत शिष्याची प्रगती कमरेच्या रंगीत पट्ट्याने दाखवली जात नाही. गुरू टप्प्याटप्प्याने लेखी परवाने देतो आणि त्यांवरून शिष्य कोठवर पोहोचला हे कळते. यांतील अखेरचा परवाना म्हणजे ‘मेन्क्यो काइदेन’. घराण्याची विद्या तिच्या अंतर्भागातील शिकवणीसह शिष्याला पूर्णपणे दिली गेली आहे आणि यापुढे ती स्वतंत्रपणे शिकवण्यास तो पात्र आहे, असे गुरूने या परवान्याने मान्य केलेले असते. शाळेच्या या स्नेहसंमेलनासारख्या ज्या समारंभात विद्यार्थ्यांच्या हाती पारितोषिके आणि प्रमाणपत्रे दिली जातात, त्या समारंभात प्रमाणपत्राने माणसावर कोणती जबाबदारी येते याचा विचार होणे उचितच आहे.

या परवान्यांची रचना प्रत्येक घराण्यात वेगळी असते. शिंदो मुसो-ऱ्यू हे आखूड काठीचे घराणे सतराव्या शतकात मुसो गोन्नोसुके याने स्थापन केले असे मानले जाते. त्यात ओकुइरी, शोमोकुरोकू, गोमोकुरोकू आणि मेन्क्यो या पायऱ्या चढल्यानंतरच मेन्क्यो काइदेन मिळू शकते. चिबा प्रांतातील कातोरी देवस्थानाशी निगडित असलेले तेन्शिन शोदेन कातोरी शिंतो-ऱ्यू हे घराणे पंधराव्या शतकापासून चालत आले असून १९६० मध्ये प्रांतिक शासनाने त्याला अमूर्त सांस्कृतिक वारसा म्हणून मान्यता दिली. या घराण्यात प्रवेश घेणाऱ्याला आजही शपथपत्रावर स्वतःच्या रक्ताची खूण करावी लागते. घराण्याची विद्या बाहेरच्या कोणालाही, अगदी रक्ताच्या नातलगालाही, दाखवायची नाही, तिचा दुरुपयोग करायचा नाही, जुगारापासून दूर राहायचे आणि परवानगीवाचून इतर घराण्यांच्या माणसांशी सामना करायचा नाही, असे त्या शपथेचे सार आहे. ज्याने शिकण्याच्या पहिल्याच दिवशी आपल्या वागणुकीची हमी दिली आहे, त्यालाच पुढे कधीतरी शिकवण्याचा अधिकार मिळू शकतो, ही या रचनेमागील भूमिका आहे.

या अधिकाराचे स्वरूप प्रत्यक्ष सरावात अधिक स्पष्ट दिसते. जुन्या घराण्यांतील शिक्षण मुख्यतः ‘काता’ या प्रकाराने होते. काता म्हणजे दोघांनी मिळून करायचा, ठरलेल्या वार-प्रतिवारांचा अभ्यासक्रम. शिंदो मुसो-ऱ्यूच्या सरावात एकाच्या हाती लाकडी तलवार असते आणि दुसऱ्याच्या हाती सुमारे १२८ सेंटीमीटर लांबीची, अंगठ्याहून थोडी जाड अशी गोल काठी असते. तलवार सामान्यतः ज्येष्ठाच्या हाती देण्याचा प्रघात आहे, आणि प्रत्येक कातामध्ये तलवारवाल्याची हार ठरलेली असते. ज्येष्ठ खरा वार करतो, अंतर आणि वेग नवशिक्याच्या कुवतीपेक्षा किंचित कठीण ठेवतो, त्याचे पाऊल चुकले तर वार क्षणभर रोखून त्याला चूक उमगू देतो, आणि तो अचूक हलला की त्याच्या काठीचे टोक आपल्या छातीशी येऊ देतो. ज्याला सर्वाधिक येते त्याने दिवसभर हरायचे आणि त्या हरण्यातून समोरच्याला घडवायचे, ही पद्धत तेथे शतकानुशतके चालत आली आहे. स्वतः जिंकण्याची ओढ ज्याची सुटलेली नाही त्याचे हात कितीही तयार असले तरी अशा घराण्यात त्याला पूर्ण परवाना देणे धोक्याचे ठरते, कारण तो शिष्याला घडवण्याऐवजी प्रत्येक वेळी नमवत राहील.

मेइजी काळात ही व्यवस्था संकटात सापडली. १८७१ मध्ये सरंजामी जहागिऱ्या बरखास्त झाल्या, १८७६ मध्ये सामुराईंना कमरेला तलवार लावून फिरण्यास मनाई झाली आणि जहागिरीच्या आश्रयावर जगणारे अनेक गुरू निराधार झाले. याच काळात जिगोरो कानो या तरुणाने तेन्जिन शिन्यो-ऱ्यू आणि किटो-ऱ्यू या दोन जुन्या घराण्यांची निःशस्त्र विद्या आत्मसात केली. १८८२ मध्ये तोक्योतील एका बौद्ध मंदिराच्या आवारात त्याने कोदोकान ही संस्था सुरू केली आणि तेथे ज्यूदोचा पाया घातला. पुढच्याच वर्षी त्याने आपल्या दोन शिष्यांना ‘डॅन’ ही श्रेणी दिली. आज कराटे, ज्यूदो आणि अन्य खेळांत जगभर चालणारी डॅन श्रेणींची पद्धत तेथून सुरू झाली. अशा श्रेणींमुळे हजारो विद्यार्थ्यांची प्रगती मोजणे सोपे झाले. मात्र श्रेणी शिष्याचे कौशल्य सांगते, तर जुना परवाना ते सांगून शिवाय त्याच्यावर उत्तराधिकाराचे ओझे ठेवतो, हा फरक विसरता येणार नाही.

गुरूने विद्या पूर्ण द्यावी की नाही, या प्रश्नाला महाराष्ट्रात एका लोकप्रिय म्हणीची पार्श्वभूमी आहे. वस्ताद नेहमी एक डाव राखून ठेवतो, असे आपल्याकडे मोठ्या कौतुकाने म्हटले जाते, आणि चेला उलटला तर काय करावे या भीतीवर ते एक शहाणपणाचे उत्तर आहे असेही मानले जाते. परंतु प्रत्येक पिढीतील वस्तादाने एकेक डाव राखून ठेवला तर काही पिढ्यांनंतर शिकवण्यासारखे किती उरेल, हा हिशेब त्या म्हणीत मांडलेला नाही. मराठी आखाड्यांचा इतिहास पाहिला तर ज्या परंपरा टिकल्या त्या राखून ठेवणाऱ्यांनी टिकवलेल्या नाहीत. सर्व काही देऊन टाकणाऱ्यांनी त्या टिकवल्या आहेत.

मल्लखांब हे याचे सर्वांत जवळचे उदाहरण आहे. चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ या ग्रंथात मल्लांच्या खांबावरील व्यायामाचा उल्लेख आढळतो; पुढे दीर्घकाळ ही विद्या विस्मृतीत गेली. दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या काळात बाळंभटदादा देवधर यांनी तिचे पुनरुज्जीवन केले. निजामाच्या राज्यातून आलेल्या अली आणि गुलाब या मल्लांचे आव्हान त्यांनी स्वीकारले, तयारीसाठी सप्तशृंगगडावर साधना केली आणि तेथेच त्यांना या विद्येचा साक्षात्कार झाला, असे परंपरा सांगते. आख्यायिकेचा भाग बाजूला ठेवला तरी पुढची गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. कुस्तीत उपयोगी पडणारी ही तयारी बाळंभटदादांनी स्वतःपुरती ठेवली नाही. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि बाजीरावांना ब्रह्मावर्ती जावे लागले तरी विद्या थांबली नाही, कारण ती कोंडभटनाना गोडबोले, दामोदर गुरू मोघे यांच्यासारख्या शिष्यांच्या अंगी उतरली. राज्य गेले तरी खांब उभा राहिला, याचे श्रेय या शिष्यपरंपरेला आहे.

मल्लखांबाच्या शिक्षणातही जपानी कातासारखीच एक बाब दिसते. पुरलेला मल्लखांब शिसवी किंवा सागवानी लाकडाचा, खाली जाड आणि वर निमुळता होत जाणारा असतो. त्याच्या वरच्या टोकाला बोंड, त्याखालील बारीक भागाला मान आणि उरलेल्या भागाला अंग म्हणतात. पकड योग्य तेवढीच राहावी आणि कातडी सोलवटू नये म्हणून त्याला एरंडेल चोळतात. लहान मूल पहिल्यांदा अढी घालते, म्हणजे उलटे होऊन दोन्ही पायांच्या विळख्याने खांब धरते, तेव्हा शिक्षक खांबाला लागून उभा असतो आणि त्याचा तळवा मुलाच्या पाठीखाली असतो. मूल घाबरून हात सोडत नाही तोवर तो तळवा तेथेच राहतो; पायांची पकड बसली असे जाणवले की तो बोटभर दूर सरकतो, आणि काही दिवसांनी शिक्षक दोन पावले मागे जाऊन नुसता पाहत राहतो. तळवा केव्हा काढायचा हे ज्याला कळते तोच शिकवू शकतो. स्वतःला दसरंग किंवा सुईदोरा हे मल्लखांबाचे प्रकार किती सफाईने घेता येतात, यावर ते ठरत नाही.

बडोद्याचा इतिहास हीच गोष्ट पुढे नेतो. उस्ताद जुम्मादादा यांच्याकडून शस्त्रविद्या आणि व्यायामविद्या शिकलेल्या प्रोफेसर माणिकराव यांनी आपल्या संस्थेला स्वतःचे नाव न देता जुम्मादादा व्यायाम मंदिर हे नाव दिले. गुरूकडून मिळालेल्या अधिकाराची याहून स्पष्ट कबुली असू शकत नाही. माणिकरावांच्या हाताखाली तयार झालेल्या जगन्नाथ गणेश गुणे यांनी पुढे स्वामी कुवलयानंद या नावाने १९२४ मध्ये लोणावळ्यात कैवल्यधाम स्थापन केले, आणि मुंबई प्रांतातील शालेय शारीरिक शिक्षणाला दिशा देण्याचे कामही त्यांनी केले. बडोद्यातच द. चिं. मुजुमदार यांनी ‘व्यायाम ज्ञानकोश’ दहा खंडांत प्रसिद्ध केला. जे डाव आणि ज्या पकडी पूर्वी विश्वासातल्या चेल्यालाच दाखवल्या जात, त्या चित्रांसह छापून कोणाही वाचकाच्या हाती देण्याचे धैर्य या ग्रंथात आहे. तिकडे अमरावतीत वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये सुरू केलेल्या हनुमान आखाड्यातून श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ उभे राहिले. या मंडळाने १९२४ पासून उन्हाळी वर्ग भरवून व्यायामशिक्षक तयार केले आणि त्यांना ‘व्यायाम विशारद’ ही पदवी दिली. वस्तादाच्या तोंडी शब्दावर चालणारा शिकवण्याचा अधिकार येथे अभ्यासक्रम, परीक्षा आणि पदवी यांच्या रूपात आला. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी या मंडळाच्या पथकाने कबड्डीसह भारतीय खेळांची प्रात्यक्षिके जगापुढे केली. १९२५ मध्ये स्थापन झालेल्या दादरच्या श्री समर्थ व्यायाम मंदिराने मल्लखांब घरोघरच्या मुलामुलींपर्यंत नेला. तेथील प्रशिक्षक उदय देशपांडे यांना २०२४ मध्ये पद्मश्री जाहीर झाली ती स्पर्धेतील विजयासाठी नव्हे, तर देशोदेशी ही विद्या शिकवण्याच्या कार्यासाठी.

ही शाळा ज्या टिटवाळ्यात आहे, त्या काळू नदीकाठच्या गावाशी या साऱ्याचा संबंध दूरचा नाही. येथील महागणपतीच्या मंदिराचा जीर्णोद्धार माधवराव पेशव्यांच्या काळाशी जोडला जातो, आणि त्याच पेशवाईच्या अखेरच्या पर्वात मल्लखांबाला नवे आयुष्य मिळाले. या शाळेच्या वेळापत्रकातील शारीरिक शिक्षणाचा तास हाही बडोदा, अमरावती आणि लोणावळा येथील त्या प्रयत्नांचाच वारस आहे. आज कल्याणपासून टिटवाळ्यापर्यंत वसाहतींच्या आवारांत आणि सभागृहांत कराटे, तायक्वांदो, ज्यूदो यांचे वर्ग भरतात, मुली आत्मविश्वासाने तेथे जातात आणि ही अतिशय आनंदाची बाब आहे. परंतु थोडक्या काळात पट्ट्यामागून पट्टा मिळावा आणि ब्लॅक बेल्ट हाती येताच स्वतंत्र वर्ग काढावा, ही घाई त्या विद्येला मारक आहे. डॅन श्रेणींत पहिल्या डॅनचा ब्लॅक बेल्ट ही आरंभाची पायरी मानली जाते, हे पालकांनी आणि विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे. आपल्या पाल्याला कोणाच्या हाती सोपवावे असा प्रश्न पडेल तेव्हा पालकांनी शिक्षकाच्या भिंतीवरील पदके मोजू नयेत. त्याने कोणाकडून विद्या घेतली, किती काळ घेतली आणि त्याच्या हाताखाली तयार झालेले विद्यार्थी आज कसे वागतात, हे विचारावे.

विद्यार्थी मित्रांनीही आपल्या प्रमाणपत्राकडे याच दृष्टीने पाहावे. आज मिळालेले पारितोषिक गणिताचे असो, वक्तृत्वाचे असो वा धावण्याच्या शर्यतीचे असो, त्याने विद्यार्थ्याच्या एका वर्षाच्या परिश्रमाची नोंद घेतली आहे आणि ते परिश्रम अभिनंदनास पात्र आहेत. परंतु ज्याला गणित येते त्याने मागच्या बाकावरील मित्राला एक प्रमेय समजेपर्यंत समजावले, ज्याला पोहता येते त्याने धाकट्या भावंडाला पाण्याची भीती घालवून पोहायला शिकवले, ज्या मुलीला मल्लखांबावर अढी घालता येते तिने लहान मुलीच्या पाठीखाली आपला तळवा धरला, तरच त्या पारितोषिकाचे सार्थक झाले असे म्हणता येईल. शिकवताना एकही डाव राखून ठेवू नये. आपला विद्यार्थी आपल्यापुढे गेला तर त्याचा अभिमान धरावा. येत्या वर्षभरात या विद्यालयातील प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्याला उत्तम येणारी एक गोष्ट किमान एका धाकट्या विद्यार्थ्याला पूर्ण शिकवावी, हे या स्नेहसंमेलनाच्या निमित्ताने सर्वांना आग्रहाचे आवाहन आहे.