हलका लॅपटॉप आणि जुने खेळ

भिवंडी तालुक्यातल्या बचत गटांची समन्वयक म्हणून मी तुमच्याशी नेहमी हप्ता, व्याज, कॅशबुक असंच बोलते. आज मात्र कॉम्प्युटरवरच्या खेळांबद्दल बोलणार आहे. हसलात ना? हसा, पण ऐका.

आमच्या ग्रामसंघाकडे एक छोटा लॅपटॉप आहे. वजन जेमतेम दीड किलो. भाजीच्या पिशवीत घालून टमटममधून बैठकीला नेता येतो. मेमरी चार जीबी. गावातल्या पोरांनी तो बघून नाक मुरडलं, "यावर एकसुद्धा गेम चालणार नाही." त्यांचे आजकालचे गेम खरंच चालणार नाहीत, त्यांना महागडं यंत्र लागतं. पण तीस-पस्तीस वर्षांपूर्वीचे खेळ याहून कितीतरी दुबळ्या यंत्रांसाठी बनवले होते. १९८९ चा 'प्रिन्स ऑफ पर्शिया' घ्या. अख्खा खेळ तुमच्या मोबाइलमधल्या एका फोटोपेक्षा कमी जागेत मावतो.

आणि हलक्या लॅपटॉपची गोष्ट आपल्या शेजारीच घडली आहे. रायगड जिल्ह्यात कर्जत तालुक्यात खैराट नावाचं गाव आहे. तिथल्या एकशिक्षकी शाळेतल्या मुलांना २००७ साली हिरवे-पांढरे छोटे लॅपटॉप मिळाले. जगभरातल्या गरीब मुलांसाठी बनवलेलं ते यंत्र होतं. वजन आपल्यासारखंच दीड किलोच्या आसपास, पण मेमरी आपल्या चार जीबीच्या सोळावा हिस्सा! २००८ मध्ये एका कंपनीने त्याच लॅपटॉपसाठी आपला १९८९ चा 'सिमसिटी' हा खेळ फुकट खुला करून दिला. त्यात शहर वसवायचं असतं. रस्ता कुठे, वीज कुठून, कर किती लावायचा, तिजोरी रिकामी झाली तर काय करायचं. आपल्या ग्रामपंचायतीचं अंदाजपत्रकच म्हणा ना. हा खेळ आता 'मायक्रोपोलिस' या नावाने मिळतो.

आता तुम्ही म्हणाल, ताई, आम्हाला याचा काय उपयोग? सांगते.

लॅपटॉप ग्रामसंघाचा असतो, पण हात एकाचाच लागतो. सचिवताईंची शिकलेली सून, नाहीतर कुणाचा तरी मुलगा. बाकीच्या जणी लांबून बघतात. आमच्या एक ताई आहेत, पन्नाशी ओलांडलेल्या. यंत्रमागाच्या कारखान्यात वर्षानुवर्षं कांड्या भरल्या त्यांनी. बोटं कशी झरझर चालतात! पण माऊस समोर आला की हात पदराखाली. "बिघडलं तर कोण भरून देणार?" हेच म्हणायच्या.

त्यांना मी पत्त्यांचा खेळ लावून दिला. सॉलिटेअर म्हणतात त्याला, एकटीने खेळायचा. हा खेळ १९९० साली विंडोजबरोबर आला, तोच लोकांना माऊसची सवय व्हावी म्हणून. पान धरायचं, ओढायचं, दुसऱ्या पानावर सोडायचं. चुकलं तर डाव हरतो, बाकी काही बिघडत नाही. नंतर सुरुंग शोधायचा खेळ आला, त्यात माऊसची डावी-उजवी दोन्ही बटणं वापरावी लागतात. तीन आठवडे बैठकीआधी पंधरा-पंधरा मिनिटं ताई खेळल्या. मग हिशेबाचा तक्ता त्यांनी स्वतः उघडला, स्वतःचं नाव शोधलं, आणि म्हणाल्या, "माझे दोनशे खालच्या ओळीत का?" खरंच, त्यांची बचत दुसरीच्या नावावर पडली होती. नोंद करणाऱ्या मुलाने मुद्दाम केलं नव्हतं. पण ताईंनी पाहिलं नसतं तर ते तसंच राहिलं असतं.

घरून बोलणी बसली, तेही सांगते. "बायका पत्ते खेळायला लागल्या!" अहो, यात ना पैसा, ना दुसरा खेळाडू. मोबाइलवर रमीच्या जाहिराती येतात, पैसे लावायला सांगतात, ती गोष्टच वेगळी. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने केला आहे. असं काही दिसलं तर बोट लावू नका.

आता थोडं कामाचं. विंडोजमधल्या आताच्या सॉलिटेअरमध्ये मध्येच जाहिराती येतात, त्यावर दाबायचं नाही. लहान मुलांसाठी 'जीकॉम्प्री' आणि 'टक्स पेंट' हे दोन प्रोग्राम पूर्ण फुकट आहेत आणि हलक्या यंत्रावर छान चालतात. मी तर म्हणते मोठ्यांनीही आधी 'टक्स पेंट'मध्ये रांगोळी काढावी, हात लवकर वळतो. डॉसच्या काळातले खेळ नव्या विंडोजवर थेट उघडत नाहीत. त्यासाठी 'डॉसबॉक्स' लागतो, तो जुन्या यंत्राचं सोंग घेतो. पण कुणी पेनड्राइव्हमध्ये "जुने शंभर गेम" आणून दिले तर घेऊ नका, त्यातून व्हायरस येतो. आणि हिशेबाच्या लॅपटॉपवर खेळासाठी वेगळं खातं उघडा, वेगळ्या पासवर्डचं. ज्या कुणाला लॅपटॉप समजतो, त्याच्याकडून दहा मिनिटांत होतं ते.

आमच्याकडे आता भिंतीवर पाळ्यांचा कागद लावला आहे. प्रत्येकीला पंधरा मिनिटं, घड्याळ लावून. मागच्या बैठकीत पाळीवरून दोघींचं भांडण झालं, म्हणून या महिन्यापासून बैठक अर्धा तास आधी सुरू करतोय.