भंगाराच्या काट्याजवळ एक काउंटर



विज्ञान अध्यापकांच्या या संमेलनाचा अध्यक्ष म्हणून थेट विषयाला हात घालतो. काही हजार रुपयांत मिळणारा, खिशात मावणारा रेडिएशन काउंटर आता सामान्य माणसाच्या आवाक्यात आला आहे. तो आपल्या नाशिक जिल्ह्यात सगळ्यात आधी कुठे पोहोचायला हवा, एवढ्याच प्रश्नावर मी बोलणार आहे.

लासलगावचं ‘कृषक’ केंद्र २००२ पासून आपल्या जिल्ह्यात आहे. भाभा अणुसंशोधन केंद्राने उभारलेल्या या केंद्रात कोबाल्ट-६० चे गॅमा किरण देऊन कांद्याला मोड येणं थांबवतात. २००७ साली इथेच प्रक्रिया झालेला हापूस अमेरिकेला गेला. तरीही मुलं वर्गात विचारतात, “सर, तो कांदा खाल्ला तर आपल्याला रेडिएशन होतं का?” याचं उत्तर पुस्तकात आहे. कोबाल्टच्या गॅमा किरणांची ऊर्जा १.१७ आणि १.३३ मेगा इलेक्ट्रॉन व्होल्ट असते, आणि कांद्यातल्या अणूंची केंद्रकं किरणोत्सर्गी करायला ती पुरत नाही. पण हे वाक्य फळ्यावर लिहून भीती जात नाही. टेबलावर दोन कांदे ठेवा, एक प्रक्रियेचा आणि एक साधा. काउंटर दोन्हींजवळ सारखाच टिकटिकतो. मुलाने हे स्वतः मोजलं की घरी जाऊन आजीलाही तेच ठामपणे सांगतं.

हे यंत्र तसं जुनंच आहे. हान्स गायगरने १९०८ मध्ये रदरफोर्डबरोबर त्याचं पहिलं रूप तयार केलं आणि १९२८ मध्ये म्युलरच्या साथीने आजची नळी सिद्ध केली. धातूची बोटाएवढी नळी, आत कमी दाबाचा वायू, मधोमध तार आणि सुमारे ४०० व्होल्टचा दाब. किरण आत शिरला की वायूच्या अणूंतून इलेक्ट्रॉन सुटतात, त्यांचा लोंढा तारेकडे धावतो आणि एक ‘टिक’ ऐकू येते. सोव्हिएत काळातल्या अशा नळ्या आजही छंद म्हणून यंत्रं जोडणारी मंडळी वापरतात. सीझियम आयोडाइडच्या स्फटिकावर चालणारे नवे काउंटर तर किरण कोणत्या मूलद्रव्याचा आहे हेही ओळखतात. मात्र ते शाळेला परवडणारे नाहीत. मोबाइलच्या कॅमेऱ्याला काळी पट्टी लावून रेडिएशन मोजण्याचे अॅप असतात, पण नेहमीच्या पातळीवर त्यांचा उपयोग नाही. आणखी एक गोष्ट पालकांना सांगायला हवी. मोबाइल टॉवरच्या लहरी अणूतून इलेक्ट्रॉन उडवू शकत नाहीत, त्यामुळे गायगर काउंटर त्या मोजतच नाही.

आता भंगाराकडे येतो. माझ्या मते हा विषय सगळ्यात जास्त तिथेच लागू होतो.

एप्रिल २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात काही कामगारांची कातडी काळी पडली, केस गळायला लागले. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागातलं, वर्षानुवर्षं वापरात नसलेलं एक गॅमा यंत्र लिलावात निघालं होतं. भंगारवाल्यांनी ते फोडलं आणि आतल्या कोबाल्ट-६० चे तुकडे हातोहात फिरले. त्यातला एक तुकडा एकाने पाकिटात ठेवला होता. एक कामगार दगावला, इतर अनेक जण इस्पितळात गेले. ज्या हातांनी ते फोडलं, त्या हातांना आत काय आहे हे सांगणारं कुणीही तिथे नव्हतं. काउंटर असता तर आकडा न वाचता येणाऱ्या माणसालाही टिकटिकीचा भडिमार कळला असता.

हे दिल्लीपुरतं नाही. ऑक्टोबर २००८ मध्ये फ्रान्समध्ये लिफ्टच्या बटणांत कोबाल्ट-६० सापडलं. त्या बटणांचं पोलाद भारतातून गेलं होतं आणि त्याचा माग आपल्या महाराष्ट्रात, खोपोलीच्या एका फाउंड्रीपर्यंत आला. भंगारात आलेला किरणोत्सर्गी स्रोत एकदा भट्टीत गेला की तो वितळून सगळ्या मालात पसरतो. मग तो कुणाच्या लिफ्टमध्ये, कुणाच्या घराच्या सळईत जाईल याचा नेम नाही. मेक्सिकोतल्या हुआरेझ शहरात असंच झालं होतं. तिथल्या भंगारातून बनलेल्या सळया घेऊन निघालेला ट्रक १९८४ च्या जानेवारीत अमेरिकेतल्या लॉस अलामॉस प्रयोगशाळेजवळून गेला, तिथल्या यंत्रांनी इशारा दिला आणि प्रकरण उघडकीस आलं. तो ट्रक दुसऱ्या रस्त्याने गेला असता तर?

नाशिकच्या अंबड-सातपूर लिंक रोडवरचा पूर्वीचा भंगार बाजार आपल्या सगळ्यांना आठवत असेल. सातपूर-अंबडच्या कारखान्यांतलं, दवाखान्यांतलं, पाडलेल्या इमारतींमधलं लोखंड भंगारवाल्यांच्या हातून पुढे जातं. भंगारवाल्याकडे प्रत्येक मालासाठी काटा असतो. त्या काट्याशेजारी एक काउंटर असावा, हे माझं मागणं आहे. भंगारवाल्याला सिव्हर्ट, म्हणजे किरणोत्सर्गाच्या मात्रेचं एकक, कळायची गरज नाही. रोजच्या टिकटिकीपेक्षा कितीतरी जास्त आवाज आला की माल खाली ठेवायचा, सगळ्यांनी दूर व्हायचं, कुणालाही जवळ जाऊ द्यायचं नाही आणि ११२ ला फोन करायचा, एवढं पुरे.

काउंटरची मर्यादाही त्याला त्याच वेळी सांगायला हवी. स्रोत शिशाच्या जाड भांड्यात बंद असेल तर बाहेर फारसं काही येत नाही आणि काउंटर गप्प राहतो. भंगारात शिसं महाग, म्हणून हात पहिल्यांदा त्याच भांड्याकडे जातो. म्हणून किरणोत्सर्गाची तीन पात्यांची खूण असलेलं जड भांडं कधीच फोडायचं नाही, हा धडा काउंटरच्या आधी द्यायचा. शिवाय फार प्रखर स्रोताजवळ स्वस्त नळी गुदमरते आणि खोटा कमी आकडा दाखवते. म्हणून काउंटर लांबूनच सुरू करून मालाकडे यायचं.

आता वर्गात या. बहुतेक शाळांत किरणोत्सर्ग शिकवताना फळ्यावर अल्फा, बीटा, गॅमा लिहून पुढे जातात. माझी विनंती आहे की द्राक्षबागायतदाराच्या शेडमध्ये जा. तिथे ‘शून्य-शून्य-पन्नास’ या पोटॅशियम खताची थैली असतेच. पोटॅशियममध्ये नैसर्गिकरीत्या पोटॅशियम-४० असतं. एका ग्रॅम पोटॅशियममध्ये सेकंदाला साधारण ३१ अणू फुटतात. आधी मोकळ्या मैदानात दहा मिनिटं मोजा, मग नळी थैलीला चिकटवून तेवढाच वेळ मोजा. आकडा स्पष्ट चढतो. मग मुलांना सांगा की आपल्या शरीरातही पोटॅशियम आहे आणि तिथे सेकंदाला चार हजारांच्या आसपास अणू फुटतात, ती थैली आणि आपण दोन्ही सुरक्षित आहोत.

दहा मिनिटांचा आग्रह का? लहान नळीत मिनिटाला साधारण वीस वेळा टिक होते. दर मिनिटाचा आकडा सोळा, पंचवीस, एकोणीस असा हलतच राहतो. तो हलणं हा निसर्गाचा धर्म आहे. वीसमध्ये चार-पाचचा फरक साहजिक असतो, दहा मिनिटांच्या दोनशेमध्ये चौदाचा. हे न शिकलेला माणूस पंचवीस पाहून घाबरतो आणि गावभर सांगतो. नाशिकच्या काळ्या दगडात युरेनियम-थोरियम कमी असल्याने इथली पातळी एकूण कमीच; ग्रॅनाइटच्या ओट्यावर ती बऱ्याचदा चढते, केरळच्या चवऱ्याच्या वाळूवर तर कितीतरी पट. पडद्यावरचा मायक्रोसिव्हर्टचा आकडा बहुधा सीझियम-१३७ वर बेतलेला असतो, म्हणून एक्स-रे खोलीच्या बाहेर तो थेट खरा मानू नये.

मार्च २०११ मधल्या फुकुशिमाच्या अपघातानंतर जपानमध्ये लोकांना काउंटर मिळेनात. मग सेफकास्ट नावाच्या गटातल्या स्वयंसेवकांनी ते स्वतः जोडले, गाड्यांवर बसवले, दर पाच सेकंदांनी स्थळासह नोंद केली आणि सगळी माहिती कुणालाही मोफत खुली केली. कोणत्या गल्लीत किती, हे सरकारच्या आकड्यावर न थांबता लोकांनीच दाखवलं. त्या कामाचं मला खूप अप्रूप वाटतं. पण सगळ्यांनी एकच यंत्र, एकच उंची आणि एकच रीत पाळली, म्हणून ते आकडे विश्वासाचे ठरले. आपणही नोंद करणार असू तर स्थळ, वेळ, उंची, यंत्राचं नाव आणि मोजणीची एकूण मिनिटं लिहिल्याशिवाय कोणताही आकडा पुढे पाठवू नये. इशाऱ्यावर यंत्रणेला कळवणं वेगळं, आणि व्हॉट्सअॅपवर फोटो टाकणं वेगळं.

म्हणून उद्याच्या खुल्या सत्रासाठी मी असा ठराव मांडतो. जिल्ह्यातल्या प्रत्येक माध्यमिक शाळेच्या प्रयोगशाळेत एक गायगर काउंटर असावा. महापालिकेने आणि उद्योजकांच्या संघटनांनी अंबड-सातपूरचा माल घेणाऱ्या प्रत्येक भंगार वखारीच्या काट्याजवळ इशारा देणारा एक काउंटर बसवावा. आणि तो वापरायला शिकवण्याचं काम आपण, इथे बसलेल्या शिक्षकांनी, सुट्टीच्या दिवशी जाऊन करावं. चर्चेत दुरुस्त्या जरूर सुचवा.