भुताची खिरापत

हेडफोन लावलेत ना? आज विषय भुतांचा आहे, पण घाबरू नका, ही भुतं खायची आहेत.

झालं असं, की आमच्या नाशिकच्या सोसायटीत मुलांनी हॅलोविन करायचं ठरवलं. ३१ ऑक्टोबरला संध्याकाळी पांढऱ्या चादरी पांघरून पोरं दारोदार, हातात पिशव्या. आम्ही मोठ्यांनी काय केलं? सोप्पं केलं. चॉकलेटं, जेली, गोळ्या, मूठमूठ ओतल्या. तासाभरानं खालच्या मजल्यावरचा सहा वर्षांचा एक पोरगा आमच्या दारात आला आणि पूर्ण भरलेली पिशवी माझ्यासमोर धरली. म्हणाला, "मावशी, हे तू ठेव. आई म्हणाली मोजता येत नाही."

त्याला टाइप वन डायबेटिस आहे. आता यात बऱ्याच जणांचा गैरसमज असतो, माझाही होता. अशा मुलांना गोड अजिबात चालत नाही, असं नसतं. पण जे खाणार त्यात कर्बोदकं किती, यावर इन्सुलिनचा डोस ठरतो. आणि त्या पिशवीत सगळं सुटं, अर्ध्याला वेष्टनसुद्धा नाही. आई मोजणार कशी? भुताचा पोशाख त्याचाच सगळ्यांत भारी होता हो, आणि खाऊ मात्र त्यालाच नाही.

मग पुढच्या वर्षी मी ठरवलं, खाऊचं बघायचं माझ्याकडे. आमचे एक काका म्हणाले, "कशाला ही परक्यांची थेरं?" म्हटलं काका, २०२४ साली ३१ ऑक्टोबरला नरकचतुर्दशी होती. त्या दिवशी आपण पायाच्या अंगठ्यानं कारीट फोडून नरकासुर मारतो, तो काय कमी हॅलोविन आहे? काका गप्प. (पूर्ण गप्प नाही, पण असो.)

तर खाऊ. पहिला नंबर थालीपीठाचा. थालीपीठाला आपण तशीही भोकं पाडतो, तेल खालपर्यंत जावं म्हणून. तीच भोकं जागेवर पाडायची. दोन डोळे, एक वाकडं तोंड. झाला भुताचा मुखवटा! मी भाजणीत लाल भोपळा किसून घातला, म्हणजे रंगही आला. आयर्लंड-स्कॉटलंडात पूर्वी सलगम कोरून त्याचे भीतीदायक चेहरे करायचे, अमेरिकेत गेल्यावर लोकांना भोपळा सापडला. आपल्या पोरांना तर भोपळ्यात बसून लेकीकडून परतणारी म्हातारी आधीच माहितीये. घारगेही करून पाहिले, पण डोळे पाडलेला घारगा तळताना फुगत नाही, आणि न फुगलेला घारगा म्हणजे... नकोच. थालीपीठ बेस्ट.

दुसरं, केळ्याची भुतं. केळं मधोमध आडवं कापायचं, कापलेल्या बाजूवर उभं करायचं, डोळ्यांना काळ्या मनुकेचे तुकडे. लिंबाचा हात फिरवा, नाहीतर पांढरं भूत अर्ध्या तासात तपकिरी. तिसरा, खजुराचा कोळी. बी काढलेला खजूर, दोन्ही बाजूंनी जाड शेवेचे चार-चार पाय. हे काम पोरांकडेच द्या. पाय मोडतात, मोडलेले तिथेच खाल्ले जातात, त्याचा हिशोब ठेवू नका. हिरवा-लाल रंग हवा असेल तर पालक, बीट आहे घरात. बाटलीतल्या रंगांच्या वाटेला मी जात नाही. २०२४ मध्ये तमिळनाडूनं म्हातारीच्या केसांवर बंदी घातली ना, ती त्यातल्या रोडामिन-बी या कापडाच्या रंगामुळे.

आणि आता खरी गंमत. तिकडे एक जुना खेळ आहे, डोळे बांधून वाडग्यात हात घालायचा आणि सोललेली द्राक्षं म्हणजे 'डोळे'. म्हटलं, द्राक्षांच्या गावात राहतो, घेऊन येते! पण ऑक्टोबरात आमच्या बागांमध्ये गोडी छाटणीची गडबड असते, द्राक्षं येणार जानेवारीनंतर. बरंच झालं एका अर्थी. लहान मुलाच्या घशात अख्खं द्राक्ष अडकू शकतं. पाच वर्षांखालच्या मुलाला द्यायचंच तर उभे चार काप करून द्या. अख्खे शेंगदाणे आणि पॉपकॉर्नही त्या वयाला नकोत.

मग मला भोंडला आठवला. नवरात्रात गाणी झाली की झाकलेला डबा मध्ये यायचा आणि खिरापत ओळखायची. डबा हलवून बघ, वास घे, "गोड की तिखट?" विचार. आम्ही कितीतरी वेळ त्यातच घालवायचो, खाऊ दोन घासांचा असायचा. तसंच केलं. चार डब्यांना कापड बांधलं, हात जाईल एवढंच भोक ठेवलं. एकात उकडलेल्या शेवया, म्हणजे गांडुळं. एकात भिजवलेला सब्जा, बेडकाची अंडी. सब्जा नीट फुगवूनच घ्या हं, कोरडा नाही. एकात सोललेले उकडलेले छोटे बटाटे, राक्षसाचे डोळे. चौथ्यात दह्यातली काकडी. ते काय होतं, ते पोरांनीच ठरवलं, मी इथे सांगत नाही. हात घालायला हे डबे, खायला त्याच चार गोष्टी वेगळ्या, झाकलेल्या भांड्यात.

प्रत्येक पदार्थासमोर चिठ्ठी ठेवली. एका थालीपीठाला पीठ किती, अर्धं केळं किती ग्रॅमचं, खजूर किती. स्वयंपाकघरातला वजनकाटा काढला, दहा मिनिटांचं काम. त्याच्या आईनं फोनवर हिशोब केला, इन्सुलिन दिलं आणि म्हणाली, "जा, खा."

तो आधी डब्यांकडे गेला. तिसऱ्या डब्यात हात घालून किंचाळला, मग हात तिथेच ठेवून शांतपणे म्हणाला, "मावशी, याला मीठ लावलंय का?"

चला मंडळी, भुतांच्या थालीपीठांचे फोटो पाठवा. पुढच्या भागात भेटू!