ब्रेक ऑइल हे ऑइल नसतं

(१९९५ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला विषय दिला होता, ‘संगणक क्षेत्रातील माझी वाटचाल’. मी त्यांना फोन करून म्हटलं, चोवीस वर्षं मी सॉफ्टवेअर लिहितेय, पण त्यात जेवणाआधी ऐकवण्यासारखं फारसं काही नाही. त्याऐवजी आमच्या जुन्या गाडीवर बोलू का? ते म्हणाले, बोल, पण बासुंदी गरम व्हायच्या आत संपव.

ती गाडी तुमच्यापैकी बऱ्याच जणांना आठवत असेल. फिकट निळी प्रीमियर पद्मिनी. नववीच्या गॅदरिंगला आपण आठजणी तिच्यात कोंबून आलो होतो, आणि परत जाताना ती सुरू होईना म्हणून ‘ब’ तुकडीच्या मुलांनी फाटकापर्यंत धक्का मारला होता. धक्का मारणारे चार-पाच जण मला इथून दिसतायत. तुमचे आभार मानायचे राहिले होते, ते आज मानते.

गाडी १९७८ ची, म्हणजे आपल्याहून एखाद-दोन वर्षांनी मोठी. ही मूळची इटलीची फियाट ११००. मुंबईत कुर्ल्याला प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात ती तयार व्हायची. १९६४ पासून ‘डिलाइट’ आणि १९७४ पासून ‘पद्मिनी’ अशी तिची नावं. १०८९ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, गिअरचा दांडा स्टिअरिंगला, चारही चाकांना ड्रमचे ब्रेक. नवीन गाडीसाठी तेव्हा वर्षानुवर्षं नंबर लावावा लागे, म्हणून बाबांनी १९८६ साली सेकंडहँड घेतली. २००० सालाच्या सुमारास कारखान्यातून पद्मिनी निघणं बंद झालं. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीतली शेवटची पद्मिनी ३० ऑक्टोबर २०२३ ला रस्त्यावरून उतरली. तेव्हा पेपरात फोटो आले होते, ते तुम्ही पाहिले असतील.

रविवारी सकाळी बाबा गाडीचं बोनेट उघडत. दादाच्या हातात पान्हा आणि माझ्या हातात बॅटरी, अशी वाटणी ठरलेली. “नीट धर, हलवू नको” एवढंच मला सांगितलं जायचं. वाईट वाटायचं, पण बोलले नाही कधी. मात्र बॅटरी धरणाऱ्याला सगळं दिसतं. डिस्ट्रिब्युटरचं झाकण कसं निघतं, कार्बोरेटरमधला फ्लोट कुठं असतो, हे मी तिथं उभी राहून पाठ केलं होतं.

२००४ ला बाबांनी छोटी नवी गाडी घेतली आणि पद्मिनी मागच्या शेडमध्ये गेली. तिच्यावर आधी ताडपत्री आली, मग लाकडं आली, मग मांजर व्याली. २०२० ला मी पुण्याहून कोल्हापूरला घरी आले, लॅपटॉपवर काम सुरू होतं, आणि एके दिवशी दारात भंगारवाला उभा. आठ हजार देतो म्हणाला. बाबा तेव्हा पंचाहत्तरचे. ते हो म्हणाले नाहीत आणि नाहीही म्हणाले नाहीत, आत जाऊन बसले. मी भंगारवाल्याला म्हटलं, दादा, गाडी द्यायची नाही, मी दुरुस्त करणार आहे. हे मी ठरवलेलं नव्हतं. तोंडातून गेलं.

त्यापुढची दोन वर्षं माझे शनिवार-रविवार तिथं गेले. सोळा वर्षं उभं असलेलं इंजिन जाम झालं होतं. स्पार्क प्लग काढून चारही भोकांत डिझेल आणि ऑइल ओतलं, आठवडाभर मुरू दिलं. मग गाडी चौथ्या गिअरला टाकून पुढंमागं हलवली. तिसऱ्या रविवारी चाकाबरोबर इंजिन कुठंतरी इतकंसं फिरलं आणि मी शेडमध्ये एकटीच ओरडले. पेट्रोलच्या टाकीत पेट्रोलचा डिंक झाला होता. टाकी उतरवून आत साखळीचा तुकडा टाकला आणि घुसळण घातल्यासारखी हलवली, तेव्हा आतला गंज निघाला. हेड काढून व्हॉल्व्ह ग्राइंडिंग पेस्ट लावून हातानं घासले, आणि हेडचा तळ सपाट करायला उद्यमनगरात नेला. हे आपल्या गावाचं भाग्य. लोखंडाचं काहीही घेऊन उद्यमनगरात जा, त्यातलं कळणारा माणूस दोन गल्ल्यांच्या आत भेटतो. सुटे भाग मिळाले काही पुण्याच्या नाना पेठेत, काही मुंबईत मोडीत निघालेल्या टॅक्सींचे.

सुटलेला प्रत्येक नटबोल्ट मी पेढ्यांच्या खोक्यात ठेवायचे, वर चिठ्ठी आणि मोबाइलमध्ये फोटो. एकदा प्लगच्या दोन वायरी उलट्या लावल्या. इंजिनाचा पेटण्याचा क्रम १-३-४-२ असतो, मी १-२-३-४ लावला होता. असा बार निघाला की शेजारच्या काकू तवा हातात घेऊन बाहेर आल्या. ही चूक हसण्यावारी गेली. पुढची तशी नव्हती.

ब्रेकचं काम मी शेवटी काढलं. पेडल दाबलं की मास्टर सिलिंडरमधून नळ्यांतून दाब जातो, आणि प्रत्येक चाकातल्या छोट्या सिलिंडरची रबरं ब्रेक शूंना बाहेर ढकलतात. ती रबरं वाटीसारखी असतात, जेमतेम जुन्या रुपयाएवढी. मी नवीन आणली होती, त्यांच्यावर शेडमधली धूळ बसली होती, म्हणून रॉकेलमध्ये स्वच्छ धुऊन बसवली. माझा विचार सरळ होता. यात जातं ते ब्रेक ‘ऑइल’, आणि ऑइलचे भाग रॉकेलनं धुतात.

फसवलं त्या नावानं. गॅरेजात सगळे ‘ब्रेक ऑइल’ म्हणतात, पण ते तेल नसतंच. ते ग्लायकॉलच्या जातीचं द्रव असतं, आणि ब्रेकची रबरं त्यालाच टिकतील अशी बनवलेली असतात. रॉकेल, पेट्रोल, इंजिन ऑइल यांपैकी कशाचाही संपर्क आला की ती फुगतात आणि त्यांची कड मऊ पडते. धुवायची तर ब्रेक ऑइलनंच किंवा स्पिरिटनं. हे एक वाक्य मला कुणीही सांगितलं असतं. पण विचारलंच नव्हतं.

सुरुवातीला ब्रेक उत्तम लागले. पासिंगला नेण्याआधी मी कॉलनीतल्या कॉलनीत गाडी चालवून बघत होते. तिसऱ्या आठवड्यात मागच्या चाकाचा ड्रम हाताला गरम लागला. म्हटलं, नवीन शू आहेत, घासत असतील. दोन दिवसांनी त्याच टायरच्या आतल्या बाजूला ओल दिसली. म्हटलं, पावसाचं पाणी. रविवारी बाबा म्हणाले, मला एक चक्कर मार.

आमच्या कॉलनीचा रस्ता शेवटी उतरता आहे, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना माहीत आहे. उताराच्या तोंडाशी मुलं क्रिकेट खेळत होती. मी ब्रेक दाबला आणि पेडल तळाला गेलं. पुन्हा दाबलं, पुन्हा तळाला. गाडीचा वेग फार तर ताशी वीस असेल, पण वीससुद्धा किती असतो ते मला त्या दिवशी कळलं. बाबांनी आवाज न चढवता सांगितलं, “दुसरा टाक. हँडब्रेक ओढ.” मी दुसरा टाकला, हँडब्रेक ओढला, हॉर्न दाबून धरला. मुलं बाजूला पळाली. एक राहिलं, यष्टी म्हणून ठेवलेली वीट उचलायला वाकलेलं. गाडी त्याच्यापासून एका दाराच्या अंतरावर थांबली.

ते पोर विटेसकट माझ्याकडं बघत होतं. नंतर कितीतरी रात्री मला ते तसंच दिसायचं.

संध्याकाळी बाबांचे जुने मिस्त्रीमामा आले. चाक खोललं, रबर बोटांत धरून दाबलं आणि विचारलं, “ताई, कशात धुतलासा?” मी म्हटलं, रॉकेलात. ते म्हणाले, “मग मेली की वो ती.” बस्स, एवढंच. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

रात्री मी बाबांना म्हटलं, उद्या भंगारवाल्याला बोलावते. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “शेड घरापासून आठ पायऱ्या खाली. दोन वर्षं मी वर बसून होतो. एकदा येऊन विचारलं नाहीस.” मी म्हटलं, तुम्ही तरी कुठं कुणाला विचारायचात? सगळं स्वतःच करायचात. बाबा हसले. “प्रत्येक शनिवारी सायकल काढून मिस्त्रीकडं जाऊन विचारून यायचो. रविवारी तुमच्यासमोर करायचो. तुला फक्त रविवार माहितेय.”

मित्रांनो, मी आपल्या वर्गात पहिली यायचे. दहा वर्षांत ‘समजलं नाही’ म्हणून मी एकदाही हात वर केला नाही. सर विचारायचे, “कुणाला शंका?” आणि मागच्या बाकावरचे हात वर व्हायचे. पहिल्या नंबराच्या मुलीला शंका कशी असेल? घरी जाऊन, पुस्तकात डोकं घालून मी शोधून काढायचे. तीच सवय अंगात राहिली. मजा बघा, माझ्या नोकरीत दुसऱ्यानं तपासल्याशिवाय एका ओळीचाही बदल पुढं जात नाही. हा नियम टीमला बजावणारी मी, आणि चार चाकांचे ब्रेक मी कुणालाही न दाखवता रस्त्यावर आणले. आपल्या हातानं काम करायचं म्हणजे कुणाला विचारायचं नाही, असा माझा समज होता. मागच्या बाकावरच्यांना तेव्हाच कळलेलं मला चाळीशी ओलांडल्यावर कळलं.

दुसऱ्या दिवशी त्या मुलाच्या घरी जाऊन त्याच्या आईवडिलांना खरं सांगितलं. ते सोपं नव्हतं. मग सगळी रबरं काढून टाकली, मास्टर सिलिंडरची आणि चाकांकडं जाणाऱ्या होजपाइपचीसुद्धा, कारण जिथं जिथं रॉकेल पोचलं असेल तिथला भाग ठेवायचा नसतो. नळ्या स्पिरिटनं धुतल्या. नवीन रबरं मिस्त्रीमामांच्या समोर बसवली.

नंतर ब्रेकमधली हवा काढायची असते. पहिल्या वेळी मी ते काम बाटली आणि नळी लावून एकटीनं उरकलं होतं. खरं तर ते दोघांचं काम. एकानं पेडल दाबून धरायचं, दुसऱ्यानं चाकापाशी निपल सोडायचं, बुडबुडे गेले की आवळायचं, मग पहिल्यानं पाय उचलायचा. सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात. बाबा आठ पायऱ्या उतरून आले आणि सीटवर बसले. मी गाडीखाली. “दाबा.” “दाबलं.” “धरा.” “धरलंय.” “सोडा.” चार चाकं, दीड तास. अंधार पडल्यावर बाबांनी मोबाइलची बॅटरी लावून खिडकीतून खाली धरली आणि मी गाडीखालून म्हटलं, “नीट धरा, हलवू नका.”

त्यानंतर महिनाभर मी रोज सकाळी चारही टायरच्या आतून हात फिरवून बघत होते. मगच आरटीओत नेली. पंधरा वर्षांनंतर खासगी गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नव्यानं करावी लागते, पर्यावरण कर भरावा लागतो, तपासणी होते. तपासणाऱ्या साहेबांनी ब्रेक दाबला तेव्हा मी डोळे मिटले होते. पास झाली.

गाडी आज बाहेर चिंचेखाली उभी आहे. बाबा पुढच्या सीटवर बसलेत, ऐंशी वर्षांचे आहेत, जिने चढवत नाहीत म्हणून आत आले नाहीत. जेवण झाल्यावर या. बोनेट उघडून दाखवीन. जे विचाराल ते माहीत असेल तर सांगीन, नसेल तर बाबांना विचारू. आणि ‘ब’ तुकडीनं जरा जवळपास थांबावं. ती अजूनही कधीकधी धक्का मागते.