फोनमधला गुप्तहेर



“व्हिडिओ गेम” हा शब्द उच्चारताच मागे कुजबुज झाली, ती मला ऐकू आली. असू द्या! मी सांगणार आहे तो खेळ बंदुका झाडण्याचा नव्हे. त्याचे नाव ‘प्रोफेसर लेटन अँड द क्युरियस व्हिलेज’. जपानातील लेव्हल-फाइव्ह या कंपनीने तो २००७ साली निन्टेन्डोच्या हातात धरावयाच्या यंत्रासाठी काढला. २०१८ साली तो फोनवरही आला.

गोष्ट गमतीची आहे. एक धनाढ्य उमराव मृत्युपत्रात लिहून ठेवतो की, गावात दडवलेले सोनेरी सफरचंद जो शोधील, त्याला माझी सारी दौलत. मग त्याची विधवा पत्नी उंच टोपीवाल्या प्रोफेसर लेटनना बोलावून घेते. सोबत ल्यूक नावाचा चौकस मुलगा असतो. गाव मात्र मुलखावेगळे! साधी वाट विचारा, समोरचा आधी कोडे घालणार. बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार इथे आला असता तर पहिल्याच चौकात वैतागला असता.

कोड्यांमागे अकिरा तागो या मानसशास्त्राच्या प्राध्यापकांचे डोके आहे. त्यांच्या कोड्यांच्या पुस्तकमालेचा पहिला भाग १९६६ सालचा. उत्तर चुकले तर गुण कमी होतात, पण घड्याळ लावलेले नसते. मला हे फार आवडले. दूध उतू जायला आले की फोन ठेवावा, कुकरच्या शिट्ट्या झाल्या की पुन्हा घ्यावा; कोडे तिथेच थांबलेले असते. अडलेच, तर चित्रातल्या खिडक्या-कुंड्यांवर बोट लावून मिळवलेली नाणी देऊन इशारा विकत घेता येतो. आपण डब्यात चिल्लर साठवतो, तसेच!

दोषही सांगते. गूढाचा तपास ऐन रंगात आला असता कुणीतरी आगकाड्यांचे कोडे पुढे करतो. त्याचा तपासाशी काडीचा संबंध नसतो! ठोकळे सरकवण्याची कोडी तर मला कंटाळवाणी वाटली. आणि सगळे इंग्रजीत. माझी शाळा सातवीपर्यंतची, म्हणून भाची वाचून अर्थ सांगते आणि मी डोके चालवते. एरवी आपल्या खोलीत दार लावून बसणारी पोर रात्रीची भांडी आवरली की आपण होऊन माझ्याजवळ येऊन बसते. कोड्याबरोबर कॉलेजातल्या चार गोष्टीही सांगते.

“या वयात हा पोरखेळ?” असे मला घरात विचारले गेले. पुरुष मंडळी तासन्‌तास पत्ते कुटतात, त्याला विरंगुळा म्हणतात. बाईने अर्धा तास डोके लढवले तर तो रिकामपणा कसा? मंगळागौरीत कोडी घालणाऱ्या आपल्या आज्या काय रिकाम्या होत्या?

वाघ, शेळी आणि गवताचा भारा नदीपार नेण्याचे कोडे आपल्याला पाठ आहे. त्याचेच एक भावंड या खेळात भेटले. तीन लांडगे, तीन कोंबडीची पिल्ले, एक तराफा. तराफ्यावर दोघेच मावतात आणि रिकामा तो हलत नाही. कोणत्याही काठावर पिल्ले असतील तिथे लांडगे त्यांच्याहून जास्त झाले की पिल्ले गट्ट! सगळ्यांना पलीकडे न्यायचे आहे. कमीत कमी अकरा खेपा लागतात. ताटलीत शेंगदाणे आणि चुरमुरे मांडून पाहा. चहा होईपर्यंत जिला जमेल, तिने पुढे येऊन करून दाखवावे.