लंबवर्तुळ काढताना



जवळ कागद, पेन्सिल आणि पट्टी असेल तर ती घेऊन बसा. नसेल तर आत्ता नुसते ऐका आणि संध्याकाळी करून पाहा. लंबवर्तुळ हाताने बिनचूक कसे काढायचे, हे आज मला सांगायचे आहे.

लासलगावच्या बाजार समितीच्या आवारात लिलावाच्या दिवशी सकाळी गेलात, तर कांद्याने भरलेल्या ट्रॉल्या ओळीने उभ्या दिसतात. 1947 साली सुरू झालेल्या या बाजारात काय भाव निघाला, याकडे देशभर लक्ष असते. चित्र शिकणाऱ्याने मात्र तिथे चाकांकडे पाहावे. चाक गोल असते हे आपल्याला पक्के ठाऊक असते. पण ट्रॉलीच्या अगदी बाजूला, चाकासमोर उभे राहिले तरच ते गोल दिसते. ओळीच्या तोंडाशी जाऊन तिरके पाहिले की तेच चाक लंबवर्तुळ होते, आणि आपण जितके तिरके व्हावे तितके ते अरुंद होत जाते. आता त्याच चाकाच्या आसाकडे पाहा. लंबवर्तुळाचा लहान अक्ष आसाच्याच दिशेने असतो आणि मोठा अक्ष त्याला काटकोनात. एवढे ध्यानात आले की बैलगाडीचे चाक काढा, सायकलचे काढा, नाहीतर रहाटाचे. ते चित्रात कलंडल्यासारखे दिसणार नाही.

एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षांना बसणारी मुले शिकायला येतात, तेव्हा मी त्यांच्यासमोर आधी कांद्याचे घमेले ठेवतो. त्याचे तोंड काढताना बहुतेक मुले एक वरची कमान काढतात, एक खालची काढतात आणि दोन्ही कडेला जुळवतात. मग घमेल्याला डोळ्यासारखे दोन कोपरे येतात. लंबवर्तुळाला कोपरा कुठेच नसतो. कडेला त्याचे वळण सर्वांत आवळलेले असते, वर-खाली सर्वांत सैल, आणि आवळलेल्यापासून सैलापर्यंत ते क्षणभरही न थांबता बदलत जाते. सगळी अडचण या बदलात आहे.

म्हणूनच कंपासने चार केंद्रे घेऊन चार कंस जोडण्याची पद्धत मला पटत नाही. आयटीआयच्या ड्रॉइंगमध्ये ती सोयीची म्हणून वापरतात, कमान बांधतानाही तसेच काहीसे करतात. काम भागते. पण जिथे लहान कंस संपून मोठा सुरू होतो तिथे वळण एकदम बदलते, आणि सवयीच्या नजरेला तो सांधा लगेच दिसतो.

दोऱ्याची पद्धत पुष्कळांना ठाऊक आहे. आपण 10 सेंटिमीटर लांब आणि 6 सेंटिमीटर रुंद लंबवर्तुळ घेऊ. आकडे मुद्दाम असे घेतले आहेत, कारण निम्मे केले की 5 आणि 3 उरतात, आणि 3, 4, 5 हा काटकोन त्रिकोण गवंड्यांपासून शाळकरी मुलांपर्यंत सगळ्यांच्या ओळखीचा. त्यातला 4 आपल्याला हवा आहे. मध्यापासून मोठ्या अक्षावर दोन्हीकडे 4 सेंटिमीटरवर टाचणी टोचा. या दोन नाभी. टाचण्यांमधले अंतर 8, त्यात लंबवर्तुळाची लांबी 10 मिळवा. 18 सेंटिमीटरचा बंद फास करून दोन्ही टाचण्यांभोवती टाका आणि पेन्सिलीने तो ताणून धरत फिरवा. अंगणात फुलांचा वाफा आखायचा असेल तर सेंटिमीटरच्या जागी फूट म्हणा, टाचण्यांच्या जागी खुंट्या ठोका आणि 18 फुटांच्या दोरीचा फास घ्या. जमिनीवर ही पद्धत उत्तम आहे. कागदावर ती तितकीशी भरवशाची नाही: दोरा ताणतो, गाठ सरकते, पेन्सिल कलते.

कागदासाठी मी कागदाच्याच पट्टीची पद्धत सांगेन. तिला ना गणित लागते, ना टाचणी. आधी दोन अक्ष काटकोनात काढा. जाडसर कागदाची एक सरळ कडेची पट्टी कापा. कडेवर टोकाशी एक खूण करा. तिच्यापासून 3 सेंटिमीटरवर दुसरी आणि 5 सेंटिमीटरवर तिसरी. आता 3 ची खूण मोठ्या अक्षावर आणि 5 ची खूण लहान अक्षावर ठेवा. टोकाची खूण जिथे येईल तिथे कागदावर ठिपका द्या. पट्टी किंचित सरकवा, दोन्ही खुणा पुन्हा आपापल्या अक्षांवर आणा, पुन्हा ठिपका द्या. कडेच्या आवळलेल्या वळणावर ठिपके दाट हवेत, वर-खाली विरळ चालतील. पट्टी चारी बाजूंनी फिरली की लंबवर्तुळ ठिपक्यांत उभे राहते, आणि मग हलक्या हाताने ते जोडायचे.

ते बरोबर आले का, हे तपासता येते. रिळाचा दोरा रेषेवरून फिरवून मोजा. परीघ साडेपंचवीस सेंटिमीटर भरला पाहिजे. हा परीघ काढायचे नेमके सोपे सूत्रच नाही. वेरूळचे कैलास लेणे ज्या राष्ट्रकूटांच्या काळात खोदले गेले, त्याच घराण्यातल्या अमोघवर्ष राजाच्या काळी, नवव्या शतकात, महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रहा’त ‘आयतवृत्ता’च्या, म्हणजे लंबवर्तुळाच्या, परिघाची रीत दिली आहे. लांबीच्या वर्गाची चौपट आणि रुंदीच्या वर्गाची सहापट मिळवून वर्गमूळ घ्या. आपल्या आकृतीला ती 24.8 देते. हजार वर्षांहून आधी, इतक्या जवळ! 1914 साली रामानुजनांनी दिलेल्या आसन्न सूत्राने 25.5 येते.

परीक्षेत वस्तुचित्राला मात्र पट्टी नाही, दोरा नाही. तिथे हातच. आधी दोन अक्ष हलके काढा, त्यांच्या टोकांतून जाणारा आयत काढा, त्याचे कर्ण काढा. मध्यापासून आयताच्या कोपऱ्यापर्यंतच्या अंतराचे मनाने 10 भाग करा आणि सातव्या भागाच्या किंचित पुढे खूण करा. कर्णांवरच्या चार आणि अक्षांच्या टोकांच्या चार, अशा आठ खुणा झाल्या. पेन्सिल कागदाला न टेकवता त्या खुणांवरून खांद्यातून हात फिरवू लागा, आणि फिरता फिरता टेकवा. मनगटाने काढलेली रेषा तुटते. झाल्यावर कागद उलटा धरून पाहा. सुलट कागदावर न दिसलेला कोपरा उलट्यावर दिसतो. आणि घमेल्याचे बूड तोंडापेक्षा लहान असले तरी प्रमाणाने अधिक गोलसर काढा, कारण ते नजरेच्या आणखी खाली असते.

अचूकपणाचा हा आग्रह कशासाठी, असे कुणी विचारील. 1609 साली केप्लरने मंगळाची कक्षा लंबवर्तुळ आहे असे दाखवले. पृथ्वीचीही कक्षा तशीच आहे. पण पुस्तकांतल्या आकृत्यांत ती इतकी लांबट असते, की सूर्य एकीकडे जवळ आणि एकीकडे लांब, म्हणून उन्हाळा आणि हिवाळा होतात, असा समज मुलांच्या डोक्यात घट्ट बसतो. खऱ्या प्रमाणात काढली तर 10 सेंटिमीटर लांबीच्या कक्षेची रुंदी पेन्सिलीच्या रेघेच्या जाडीएवढीही कमी भरत नाही. फक्त सूर्य मध्यापासून एक मिलिमीटरहून थोडा कमी सरकलेला असतो. ऋतू होतात ते पृथ्वीचा आस कललेला असल्यामुळे. ढिलाईने काढलेली आकृती असे चुकीचे शिकवून जाते.

इंटरमिजिएटला बसणाऱ्या मुलांनो, दुकानात लंबवर्तुळांचे तयार प्लास्टिकचे साचे मिळतात. परीक्षा होईपर्यंत ते घेऊ नका. घरातले घमेले रोज वेगळ्या उंचीवर ठेवा, त्याचे तोंड हाताने काढा आणि कागदाच्या पट्टीने तपासा. पालकांनो, त्या वेळी घमेले कामाला लागणार असेल, तर तेवढा अर्धा तास दुसरे वापरा.