‘डिच’ : एक चर, एक बांध



शताब्दीनिमित्त भाषेच्या रक्षणाविषयी बोलावे, अशी सूचना होती. त्यासाठी मी एक परका, मातकट शब्द निवडला आहे : ‘डिच’.

‘डिच’ म्हणजे खणलेला चर. प्राचीन इंग्रजीतील एकाच शब्दापासून ‘डिच’ आणि ‘डाइक’ ही दोन रूपे निघाली. पण ‘डाइक’ म्हणजे बहुधा बांध! एकाच शब्दाच्या पोटी खोली आणि उंची कशी? उत्तर कोणताही शेतकरी देईल. चर खणला की उपसलेली माती काठावर पडते व तिचाच बांध होतो. इंग्लंड-वेल्स सरहद्दीवरील, 8व्या शतकातील ऑफा राजाच्या नावाचा ‘डाइक’ असाच आहे : वेल्सकडे चर, इंग्लंडकडे बांध.

या शब्दाशी मराठ्यांचेही नाव जोडलेले आहे. 1742 मध्ये नागपूरकर भोसल्यांच्या फौजा बंगालवर चालून गेल्या, तेव्हा कलकत्त्याभोवती खंदक खणण्यास घेतला गेला. तोच ‘मराठा डिच’. तो पुरा झालाच नाही. 1799 मध्ये त्याचा मोठा भाग बुजवून सर्क्युलर रोड झाला. भीतीने खणलेल्या जागेवरून रहदारी सुरू झाली.

आता आपला ‘खंदक’ पाहा. तो आपल्याकडे फारसीतून आला. फारसीत अरबीतून आणि अरबीत प्राचीन इराणी भाषेतून गेला. तेथील मूळ धातूचा अर्थ ‘खणणे’, आणि तो संस्कृत ‘खन्’चा सख्खा भाऊ. म्हणजे ‘खणणे’ आणि ‘खंदक’ एकाच कुळातले. ज्याला परका म्हणून दाराबाहेर उभे करावे, तो आप्त निघतो.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपल्याला भाषेभोवती खंदक खणावासा वाटतो. ती भीती निराधार नाही. घरातल्या मुलांच्या ओठांवरून मराठी ओसरताना आपण पाहतो आहोत. परंतु खंदक माणसांना अडवितो, बांध पाणी धरून ठेवतो. गेली शंभर वर्षे या वाचनालयाने बांधाचेच काम केले आहे.

आजची तरुण मंडळी ‘डिच करणे’ म्हणजे ऐन वेळी साथ सोडणे असे म्हणतात. मूळ अर्थ चरात टाकून देणे. शेजारच्या भाषेला चरापलीकडे ठेवू नये आणि आपल्या भाषेला चरात टाकू नये, एवढेच माझे मागणे. आज घरी जाण्यापूर्वी प्रत्येकाने घरातील एका मुलाचे नाव सभासद म्हणून नोंदवावे. बांधावर आपली एक पाटी माती पडेल.